सीट दोन बोटं खाली

साडेचारला मुलुंड चेकनाक्यापाशी
अकरा लाल दिवे लुकलुकत होते.
बारावा माझा,
रबरबँडनं बांधलेला.

सायकल मुलाची. तो कॅलगरीला.
दोन वर्षं गॅलरीत तिच्यावर
टॉवेल वाळले, हँडलला लसणीची जुडी लटकली.
मी फक्त सीट दोन बोटं खाली केली
आणि घंटीचा गंज चिंचेनं घासला.

ऐरोली पुलावर कुणी बोललं नाही.
खाली खाडी की नुसता अंधार, कळेना.
वास मात्र ओळखीचा, मिठागरांचा.
पुढचा फेलिक्स हात मागे नेऊन खड्डा दाखवायचा,
मी तो माझ्या मागच्याला दाखवायची,
आणि माझ्या मागे कुणीच नाही
हे मला पाम बीचला पोचल्यावर कळलं.

तेव्हा इरावती मागे आली.
वय तेवीस, पोटऱ्या दगडाच्या.
‘मला कसली घाई नाहीये, काकू.’
इतकं सरळ खोटं
माझ्याशी बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

वाशीच्या पुलावर वारा समोरून,
बिनकामाच्या नातेवाइकासारखा:
कुठे निघालीस, कशाला निघालीस, या वयात?
‘फ्लेमिंगो बघा,’ इरावती म्हणाली.
मी तिचं मागचं चाक बघत होते.
उजवा गुडघा बोलायला लागला
तो मानखुर्दपर्यंत थांबला नाही.

चेंबूरला केळं खाल्लं.
समोर मुलुंडची बस, रिकामी, दार उघडं.
सायकल आत घेतली नसती
म्हणून केवळ मी चढले नाही,
हे इथे लिहून ठेवते.
रडू येईल असं वाटलं,
पण सालीसाठी डबा शोधण्यात
रडायची वेळ निघून गेली.

गेटवेला सगळे समुद्राकडे पाठ करून
फोटो काढत होते.
मी कठड्याला टेकले.
चहावाला आला, तोही सायकलवर.
मागे थर्मास, पुढे थर्मास, दांड्याला पिशवीत कप.
‘किधर से?’
‘मुलुंड. बेलापूरवरून,’ मी जरा मोठ्यानंच सांगितलं.
त्यानं मान डोलावली, कप भरला,
मग वाकून माझं मागचं चाक अंगठ्यानं दाबलं.
‘हवा कम है.’
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे निघून गेला,
एक पाय टेकत, एक पाय पेडलवर,
एक थेंब न सांडता.

फेलिक्सनं पंप काढला.
साठ किलोमीटर मी
ब्रेक लावून चढ चढावा तशी आले होते.

परतीचं फारसं आठवत नाही.
शीवला ऊन. विक्रोळीला कुणीतरी
गोळ्या दिल्या, लिमलेटच्या, लहानपणीच्या.
एका सिग्नलला रिक्षातल्या मुलीनं
माझ्या हेल्मेटकडे बघून आईला काहीतरी विचारलं,
आईनं मला नीट बघितलं
आणि तिला उत्तर दिलं नाही.

चेकनाक्यावर वाद झाला.
कुणाच्या मनगटावर एकशे चार,
कुणाच्या एकशे दोन.
मी मधला आकडा घेतला,
भाजीवाल्याशी ठरवतात तसा.
टाळ्या वाजवल्या त्यांनी, माझ्यासाठीच वेगळ्या.
मला बोटं मुंग्या आल्यानं वाजवता येईनात.

लिफ्टमध्ये सायकल उभी करावी लागते,
मागच्या चाकावर, घोड्यासारखी.
आरशात आम्ही दोघी,
दोघींच्या अंगावर सारखीच धूळ.

दुपारी त्याचा फोन. तिकडे मध्यरात्र.
‘आई, खरंच? माझ्या सायकलवर?’
मी गॅलरीत गेले, खाली वाकले.
सीटच्या दांड्यावर त्यानं आखलेली रेघ,
त्याच्या उंचीची,
आता नळीच्या आत गेली आहे. दिसत नाही.
अंगठ्यानं मागचं चाक दाबलं. घट्ट.

‘हो,’ म्हटलं,
‘तू आलास की तुला दुसरी बघू.’